प्रश्न अवघड, पण कोणासाठी?

पुण्याची शनिवार पेठ म्हटली की शनिवारवाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातल्या गेलेल्या त्या वाड्याने या पेठेला इतिहासात कायमचे स्थान मिळवून दिले. तथापि तमिळनाडूपासून गुजरातपर्यंतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील असंख्य विद्यार्थ्यांना ही पेठ ठाऊक आहे ती अगदी निराळ्या कारणाने. त्यांच्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानावर ‘४१२, शनिवार पेठ, पुणे’ असा पत्ता छापलेला असतो. १९९३ पासून चालत आलेल्या टेक्निकल पब्लिकेशन्स या प्रकाशनसंस्थेची ही पुस्तके निरनिराळ्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांबरहुकूम लिहिलेली असतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा पुस्तकांतील विवेचनाइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, मोलाची वाटते ती प्रश्नाशेजारी छापलेली एक छोटी खूण. हा प्रश्न कोणत्या विद्यापीठाने, कोणत्या महिन्याच्या व वर्षाच्या परीक्षेत, किती गुणांसाठी विचारला होता, हे ती खूण सांगते.

या खुणेत विद्यापीठ आहे, वर्ष आहे, गुण आहेत. नाही ती एकच गोष्ट : तो प्रश्न किती विद्यार्थ्यांना सुटला? प्रकाशकाकडे त्याचा दोष मुळीच जात नाही. जी माहिती विद्यापीठांकडून बाहेर येतच नाही ती त्याने छापावी तरी कोठून? परीक्षा झाली की निकालाची टक्केवारी जाहीर होते, गुणवंतांचे सत्कार होतात, पेपर अवघड गेल्याची ओरड आठवडाभर चालते आणि विरून जाते. परंतु पेपर अवघड होता म्हणजे नेमके काय होते, कोणता प्रश्न कोणाला आणि कशामुळे अवघड गेला, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅम-लेखनाच्या परीक्षेत तर ही उणीव विशेष जाचक ठरते. कारण तेथे प्रश्नाचे काठिण्य डोळ्यांनी दिसते त्यापेक्षा पुष्कळ वेगळे असते.

तोंडी परीक्षेकडून लेखी परीक्षेकडे

परीक्षेत काठिण्याचा प्रश्न मुळात का उद्भवतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाणे उपयुक्त ठरेल. पेशवाईत श्रावणमासातील दक्षिणेसाठी दूरदूरचे शास्त्री-पंडित पुण्यात जमत आणि त्यांच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन दक्षिणेची रक्कम ठरे. त्या पद्धतीतील गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. लक्षात घेण्याजोगा मुद्दा एवढाच की, कोणत्याही तोंडी परीक्षेत परीक्षक आणि परीक्षार्थी समोरासमोर बसलेले असतात. एक प्रश्न सहज सुटला तर परीक्षक पुढचा अधिक कठीण विचारतो. उत्तर अडले तर एक पायरी खाली उतरतो. काठिण्य आधी ठरविण्याची गरजच नसते, ते संभाषणाच्या ओघात आपोआप जुळत जाते.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. तेव्हापासून एकच छापील प्रश्नपत्रिका शेकडो, पुढे हजारो आणि लाखो विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजली. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ च्या प्रारंभी अस्तित्वात आले. या साऱ्या संस्थांच्या परीक्षा लेखी. लेखी परीक्षेने पक्षपाताला आळा घातला, हा तिचा फार मोठा गुण. परंतु त्याची एक किंमतही तिने मोजली. प्रश्न छापून झाल्यावर तो बदलता येत नाही. म्हणून तो किती कठीण आहे याचा अंदाज प्राश्निकाने आधीच, बंद खोलीत, विद्यार्थ्याचा चेहरा न पाहता बांधावा लागतो. संपूर्ण परीक्षेचा न्याय त्या एका अंदाजावर उभा असतो.

प्राश्निकाची दृष्टी

हा अंदाज वारंवार का चुकतो? प्राश्निक निष्काळजी असतो असे नव्हे. त्याची अडचण अशी की, त्याला उत्तर येत असते. ज्याला पोहता येते त्याला पाण्याची खोली सांगता येत नाही, तसाच हा प्रकार. वीस वर्षे तोच विषय शिकविलेल्या अध्यापकाला कोणती पायरी नवशिक्याच्या पायाखालून निसटते, हे आठवून पाहावे लागते. आणि आठवण ही अशा बाबतीत भरवशाची साक्षीदार नसते.

एक उदाहरण घेऊ. सी प्लस प्लसच्या प्रश्नपत्रिकेत दोन प्रश्न आहेत. पहिला : दहा संख्या ‘बबल सॉर्ट’ पद्धतीने चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहा. दुसरा : दहा संख्यांमधील दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधणारा प्रोग्रॅम लिहा. कागदावर पाहिले तर पहिला प्रश्न निःसंशय जड वाटतो. त्यात एका लूपच्या पोटात दुसरे लूप आहे, दोन संख्यांची अदलाबदल आहे. दुसऱ्या प्रश्नाला एकच लूप पुरते. प्राश्निक पहिल्याला सहा गुण देईल, दुसऱ्याला चार.

प्रत्यक्षात काय घडते? बबल सॉर्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, प्रत्येक वहीत आहे, प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्येही आहे. विद्यार्थी तो आरतीसारखा पाठ म्हणतो आणि उतरवून काढतो. दुसरा प्रश्न मात्र दिसायला साधा असून जागोजागी खड्डे असलेला आहे. आरंभी दोन्ही व्हेरिएबलमध्ये शून्य ठेवले तर सर्व संख्या ऋण असताना उत्तर चुकते. नवी मोठी संख्या सापडली की जुनी पहिली दुसऱ्या जागी सरकवावी लागते. आणि ती सरकवणे व नवी बसविणे यांचा क्रम उलटा झाला की सारे बिघडते. सर्वांत मोठी संख्या दोनदा आली असेल तर काय? एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, मी संख्या क्रमाने लावतो आणि शेवटून दुसरी घेतो. परंतु सर्वांत मोठी संख्या दोनदा आली असेल तर तोही फसतो. सहा गुणांचा प्रश्न सोपा आणि चार गुणांचा अवघड, अशी ही उलटापालट आहे.

याचा अर्थ असा की, काठिण्य हा प्रश्नाचा अंगभूत गुणधर्म नाही. तोळ्यामाशात वजन करावे तसे ते प्रश्न एकटा तराजूत घालून मोजता येत नाही. प्रश्न, विद्यार्थ्याची पूर्वतयारी आणि त्याच्या हातात दिलेले साधन, या तिहींच्या संबंधातून काठिण्य जन्माला येते.

चौदा टक्क्यांचा धडा

ही गोष्ट केवळ तर्काने मांडलेली नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग संगणक-शिक्षणाच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. प्रश्न अगदी साधा होता : एकामागून एक पूर्णांक वाचा, ९९९९९ हा अंक आला की थांबा, आणि तोवर वाचलेल्या संख्यांची सरासरी छापा. पास्कल भाषेचा पहिला अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच तो बरोबर सोडविता आला. पुढे पावसाच्या दैनिक नोंदींच्या रूपात याच प्रश्नाची आवृत्ती निघाली आणि ‘पर्जन्यमानाचा प्रश्न’ या नावाने तो जगभरच्या संगणक-अध्यापकांना परिचित झाला.

या प्रयोगातील खरा धडा पुढेच आहे. माणूस असा विचार करतो की, संख्या वाचावी, ती थांबण्याची खूण आहे का ते पाहावे, नसेल तर बेरजेत मिळवावी. पास्कलच्या नेहमीच्या लूपमध्ये मात्र अट सुरुवातीलाच तपासली जाते. त्यामुळे पहिली संख्या लूपच्या बाहेर आणि पुढची प्रत्येक संख्या लूपच्या शेवटी वाचावी लागते, म्हणजे विचारांचा क्रम उलटवावा लागतो. संशोधकांनी दुसऱ्या गटाला लूपच्या मधूनच बाहेर पडता येईल अशी सोय असलेली भाषा दिली, तेव्हा यशस्वी नवशिक्यांचे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. प्रश्न तोच, साधन बदलले, आणि काठिण्य बदलले. प्राश्निकाने कितीही बारकाईने प्रश्नाचे शब्द न्याहाळले असते तरी हे त्याला दिसले नसते. ते उत्तरपत्रिकांनीच सांगितले.

२००१ मध्ये मायकेल मॅक्क्रॅकन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाने चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहावयास दिले. पहिल्या अभ्यासक्रमानंतर हे जमावे अशी अध्यापकांची अपेक्षा होती. ११० गुणांपैकी सरासरी पडली ती २३ हूनही किंचित कमी. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतील विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहावयास न देता, तयार प्रोग्रॅम वाचून त्यावरील प्रश्नांची उत्तरे देण्यास सांगितले. अनेकांना तेही नीट जमले नाही. म्हणजे अडथळा केवळ ‘समस्या सोडविण्याच्या’ उच्च पातळीवर नव्हता. वाचन कच्चे असताना निबंध मागितला जात होता. काठिण्याचा अंदाज एखाद्या प्राश्निकाचाच चुकतो असे नाही, साऱ्या अध्यापकवर्गाचाही तो एकदम चुकू शकतो, हे या अभ्यासांनी दाखवून दिले.

काठिण्याचे घटक

मग काठिण्य आधी अजमावताच येत नाही काय? येते, परंतु ते एका शब्दात ‘सोपा, मध्यम, कठीण’ असे लिहून नव्हे. मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील संगणक-अध्यापकांच्या एका गटाने २०१३ मध्ये प्रारंभिक प्रोग्रॅमिंगच्या परीक्षांसाठी एक चौकट सुचविली. प्रश्न समजण्यास बाहेरचे ज्ञान लागते काय. काय करावयाचे ते स्पष्ट सांगितले आहे काय. प्रश्नाची भाषा किती अवघड आहे. किती संकल्पना एकत्र गुंफल्या आहेत. किती ओळींचा प्रोग्रॅम वाचावा वा लिहावा लागतो. आणि बुद्धीला कोणत्या पातळीचे काम करावे लागते, अशा सहा अंगांनी त्यांनी प्रश्न तपासले.

महाराष्ट्रातील परिस्थितीला ही अंगे लावून पाहिली की पुष्कळ गोष्टी उलगडतात. भाषेचेच घ्या. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या विज्ञानशाखेत येतो आणि एकदम इंग्रजी प्रश्नांना तोंड देतो. ‘अ‍ॅट लीस्ट’ आणि ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘अनलेस’ असे शब्द प्रोग्रॅमची अट उलटसुलट करून टाकतात. ‘किमान चाळीस’ याऐवजी ‘चाळीसहून अधिक’ असा अर्थ घेतला की बरोबरीचे चिन्ह गळते आणि गुणही गळतात. तेथे तपासले गेले ते इंग्रजी. नोंद मात्र झाली संगणकशास्त्राच्या अपयशाची. बाहेरच्या ज्ञानाचेही तसेच. बँकेच्या चक्रवाढ व्याजावरील प्रश्नात ज्याला चक्रवाढ व्याजाचे सूत्रच आठवत नाही तो लूपपर्यंत पोहोचतच नाही. प्राश्निकाला वाटते, आपण व्यवहारातले सोपे उदाहरण दिले.

बुद्धीच्या पातळीचा मुद्दा याहून नाजूक आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची जी उतरंड मांडली, ती भारतीय अध्यापकांना अपरिचित नाही. ब्लूम स्वतः भारतात आले होते आणि येथील परीक्षा-सुधारणेच्या चळवळीला त्यांच्यामुळे चालना मिळाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षा-सुधारणेच्या धोरणातही ब्लूमच्या पातळ्यांनुसार प्रश्न आखण्यावर भर आहे. हेतू उत्तम. परंतु व्यवहारात बहुधा क्रियापदावरून पातळी ठरविली जाते. ‘व्याख्या सांगा’ म्हटले की स्मरण, ‘प्रोग्रॅम लिहा’ म्हटले की उपयोजन किंवा निर्मिती. वस्तुतः जो प्रोग्रॅम वर्गात शब्दशः सांगितला गेला आहे, तो परीक्षेत लिहिणे हे निव्वळ स्मरण होय. क्रियापद कोणतेही असो, पाठ केलेल्या उत्तराची पातळी पाठांतराचीच राहते.

बारावीचा द्विलक्ष्यी संगणकशास्त्र विषय पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. फॅक्टोरियल, फिबोनाची मालिका, दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक, बायनरी सर्च हे त्यातील जुने मानकरी. ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या प्रोग्रॅममध्ये मेमरीतील पत्ते बदलतात, सांगाडा तोच राहतो. गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका ज्याने घोकल्या त्याला ही परीक्षा सोपी. ज्याने विषय समजून घेतला पण जुने पेपर पाहिले नाहीत, त्याला तीच कठीण. परीक्षेने मोजावयाचे ते नेमके उलटे मोजले जाते.

पाठांतराची दुसरी बाजू

तथापि परिचित प्रश्नांची सरसकट निंदा करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात पाच-सहा यंत्रांवर साठ विद्यार्थी आळीपाळीने बसतात, जेथे प्रात्यक्षिकाच्या तासाला वीज जाते, जेथे विषयाचा पूर्णवेळ अध्यापक नसतो, तेथील विद्यार्थ्याला ठरीव प्रश्न हाच आधार असतो. तेवढे पाठ केले की उत्तीर्ण होण्यापुरते गुण पदरात पडतील, ही त्याची खात्री. उद्या प्राश्निकांनी सर्व प्रश्न अपरिचित विचारले तर शहरातील सुसज्ज महाविद्यालयांचे विद्यार्थी निभावतील आणि खेड्यातील विद्यार्थी नापास होतील. अध्यापनातील विषमतेचा दंड परीक्षार्थ्याने भरावा, याला सुधारणा म्हणता येत नाही.

परंतु या दयेतही एक फसवणूक दडलेली आहे. प्रथम वर्गाचे गुणपत्रक घेऊन हाच विद्यार्थी हिंजवडीतील एखाद्या कंपनीच्या निवडचाचणीला जातो. तेथे जुन्या पेपरची खूण नसते. समोर अपरिचित प्रश्न येतो आणि आयुष्यात प्रथमच त्याला कळते की, आपल्याला प्रोग्रॅम पाठ होते, प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. ही गोष्ट त्याला बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षी कळली असती तर सावरण्यास अवधी मिळाला असता. परीक्षेने त्याला तीन-चार वर्षे खोटा दिलासा दिला. शिवाय आता पाठ्यपुस्तकातील कोणताही ठरीव प्रोग्रॅम यंत्रच क्षणार्धात लिहून देते. त्यामुळे पाठ केलेल्या उत्तराला बाजारात जे थोडेबहुत मोल होते तेही उरलेले नाही.

तेव्हा खरा प्रश्न सोपे विचारावे की अवघड, हा नाही. किती भाग परिचित, किती भाग परिचिताला थोडा फेरफार करून दिलेला आणि किती भाग सर्वस्वी नवा, याचे प्रमाण उघडपणे ठरवून ते आधी जाहीर करणे, हा आहे. पन्नास गुणांपैकी वीस गुण ओळखीच्या प्रोग्रॅमना, वीस गुण त्यांतील फेरफारांना आणि दहा गुण नव्या प्रश्नांना, असे प्रमाण ठरले तर दुर्बल विद्यार्थ्याचा आधार तुटत नाही आणि त्याची खोटी समजूतही होत नाही. प्रमाण कोणते असावे यावर मतभेद होतील. पण ते असावे आणि विद्यार्थ्याला ठाऊक असावे, यावर होऊ नयेत.

मोजमाप शक्य आहे

काठिण्य मोजण्याची रीत गूढ नाही. शंभरपैकी तीस विद्यार्थ्यांना प्रश्न सुटला तर त्याची सुलभता ०.३०, ऐंशींना सुटला तर ०.८०. याच्या जोडीला दुसरा आकडा हवा. एकूण गुणांत वरच्या आणि खालच्या गटांतील विद्यार्थी वेगळे काढून, तो प्रश्न दोन्ही गटांत किती जणांना सुटला याची वजाबाकी करावी. प्रत्येक टोकाचे २७ टक्के विद्यार्थी घेण्याचा प्रघात ट्रुमन केली यांच्या १९३९ मधील लेखापासून रूढ आहे. वरच्यांना सुटला, खालच्यांना सुटला नाही, तर प्रश्नाने आपले काम केले. दोघांनाही सारखाच सुटला किंवा सारखाच अडला, तर त्याने काहीच निवड केली नाही. आणि वरच्यांनाच अधिक अडला असेल तर बहुधा प्रश्नाच्या शब्दांतच काही दोष आहे. साधी बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणाही कारकुनाला हे गणित जमेल.

प्रवेशपरीक्षांनी या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनसाठी २०१९ पासून, आणि त्याच वर्षापासून राज्याच्या सीईटीसाठीही, निरनिराळ्या सत्रांतील प्रश्नपत्रिकांचे काठिण्य सारखे नसणार हे गृहीत धरून पर्सेंटाइलची पद्धत अवलंबिण्यात आली. विद्यार्थ्याची तुलना त्याच सत्रातील इतरांशी केली जाते. या पद्धतीविरुद्ध आक्षेप आहेत आणि प्रत्येक सत्रातील विद्यार्थी सारख्याच कुवतीचे असतील हे तिचे गृहीतही निर्वेध नाही. पण काठिण्य प्राश्निकाच्या मतावर न सोपवता विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून ठरवावे, हे तत्त्व तिने मान्य केले. विद्यापीठांच्या वार्षिक व सत्रपरीक्षांनी ते मान्य करण्यास काय हरकत आहे?

येथे दोन अडचणी सांगितल्या जातात. पहिली गोपनीयतेची : प्रश्न आधी विद्यार्थ्यांवर अजमावून पाहिला तर तो फुटणार. ती खरी आहे, आणि म्हणूनच परीक्षेनंतरचे मोजमाप महत्त्वाचे ठरते. दुसरी अडचण श्रमांची : लाखो उत्तरपत्रिकांतील प्रश्ननिहाय गुण कोण उतरवून काढणार? परंतु उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची व्यवस्था जेथे आली तेथे हे आकडे यंत्रात आपसूकच जमा होतात. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये ही पद्धत घाईने अंगीकारली, निकाल कमालीचे लांबले आणि विद्यार्थ्यांचे अतोनात हाल झाले. त्या प्रकरणाची चर्चा निकालाच्या विलंबापुरतीच राहिली. या यंत्रणेचा खरा लाभ वेगात नसून प्रश्ननिहाय माहितीत आहे, हे त्या गदारोळात कोणाच्या ध्यानी आले नाही. जेथे पडद्यावरील तपासणी नाही तेथे शंभर-दोनशे उत्तरपत्रिकांचा नमुना घेतला तरी पुरे.

प्राश्निकाकडून काय अपेक्षावे

परीक्षेपूर्वीही काही करता येण्याजोगे आहे. पहिली गोष्ट, प्राश्निकाने प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः हाताने, कागदावर, घड्याळ लावून लिहावा. मग जुळवणी समितीतील दुसऱ्या अध्यापकाने उत्तर न पाहता तोच लिहावा. विद्यार्थ्याला कंपायलर मिळत नाही. चूक दाखविणारे कोणी नसते. ज्या प्रोग्रॅमला अनुभवी अध्यापकाला दहा मिनिटे लागतात त्यासाठी विद्यार्थ्याला बारा मिनिटे देणे हा अन्याय होय.

दुसरी गोष्ट, विल्यम अँगॉफ यांच्या नावाने १९७१ पासून ओळखली जाणारी रीत. जेमतेम उत्तीर्ण होण्याच्या योग्यतेचे शंभर विद्यार्थी कल्पावेत आणि त्यांपैकी किती जणांना हा प्रश्न सुटेल, तो आकडा प्रत्येक परीक्षकाने स्वतंत्रपणे लिहावा. ‘मध्यम’ हा शब्द कोणालाच बांधून ठेवीत नाही. आकडा बांधून ठेवतो. परीक्षेनंतर तो आकडा प्रत्यक्ष आकड्याशेजारी ठेवला की प्राश्निकाला आपली दृष्टी कोठे चुकते ते उमगते. आज प्राश्निकाला त्याच्या प्रश्नांचे पुढे काय झाले हे कधी कळतच नाही. नेम साधला की चुकला हे न सांगता वर्षानुवर्षे बाण मारावयास लावले तर कोणता धनुर्धर सुधारेल?

तिसरी गोष्ट, प्रश्नालाच पायऱ्या घालाव्यात. थेट ‘प्रोग्रॅम लिहा’ म्हणण्याऐवजी आधी एक छोटा प्रोग्रॅम देऊन त्याचे उत्तर काय येईल ते विचारावे. मग त्यातील एक चूक शोधावयास सांगावी. नंतर एक अट बदलावयास लावावी. आणि अखेरीस नवा प्रोग्रॅम लिहावयास द्यावा. तोंडी परीक्षेतील परीक्षक जसा पायरी-पायरीने वर नेई, त्याचे हे लेखी रूप. यात दुर्बल विद्यार्थ्याला शून्य मिळत नाही, हुशाराला वाव मिळतो आणि अध्यापकाला कोण कोणत्या पायरीवर अडले ते कळते. सध्या कोऱ्या उत्तरपत्रिकेवर ‘शून्य’ लिहिले जाते. ते शून्य अटीचे, लूपचे की इंग्रजीचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

पर्यायी प्रश्नांचाही येथे विचार झाला पाहिजे. ‘पुढीलपैकी कोणतेही दोन’ किंवा ‘अथवा’ असे लिहिले की निवडीचे स्वातंत्र्य दिल्यासारखे वाटते. पण पर्याय समान काठिण्याचे नसतील तर ते स्वातंत्र्य नव्हे, सोडत आहे. गोंधळलेला विद्यार्थी बहुधा लहान दिसणारा प्रश्न निवडतो. आणि ‘दुसरी मोठी संख्या शोधा’ हा प्रश्न लहानच दिसतो.

राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणातील सर्वांत निकडीची सुधारणा म्हणून परीक्षांकडे बोट दाखविले, त्याला पाऊण शतक लोटले. त्यानंतर समित्या पुष्कळ झाल्या. या विषयात मात्र फार मोठ्या समितीची वा खर्चाची गरज नाही. विद्यापीठाने व मंडळाने एकाच विषयापासून, संगणकशास्त्रापासून, आरंभ करावा. प्रत्येक परीक्षेनंतर प्रश्ननिहाय यशाचे प्रमाण प्राश्निकांना कळवावे आणि निकालाबरोबर ते प्रसिद्धही करावे. अध्यापकाला काय पुन्हा शिकवावयाचे ते कळेल, विद्यार्थ्याला आपण एकटेच अडलो की सारा वर्ग अडला ते कळेल, आणि पेपर अवघड होता की नव्हता हा वाद आवाजाच्या बळावर न चालता आकड्यांच्या आधाराने चालेल. ज्या विद्येने जगाला मोजमापाचे एवढे सामर्थ्य दिले, तिची स्वतःची परीक्षा केवळ अदमासावर चालावी, ही विसंगती आणखी किती वर्षे चालू ठेवावयाची, याचे उत्तर आता परीक्षकांनीच द्यावयाचे आहे.